पडवीतला स्क्रॅम्बलर

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो. घरात एक हौशी नवरा, एक जुनी मोटारसायकल आणि एक पान्यांचा सेट असला की ते आपोआप साठतात. ग्रीसच्या डागांसारखे. आज एक दिसतो, उद्या तीन दिसतात, आणि घासून जात तर अजिबात नाहीत.

मोहोपाड्याला आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये आम्ही बायका एकत्र डबा खातो. बाकीच्या एकमेकींना विचारतात, "आज भाजी काय?" मला विचारतात, "अनू, आज काय कापलं?" गेलं वर्षभर हेच चाललंय. म्हणून म्हटलं, एकदाच काय ते सगळं सांगून टाकावं. म्हणजे पुढे निदान पोळी तरी सुखाने खाता येईल.

तर माझा नवरा सुहास. तो पण तिकडेच, दुसऱ्या कंपनीत इन्स्ट्रुमेंटवाला. घर खालापूरच्या अलीकडे, गावात. घरात आम्ही दोघं आणि सासू-सासरे. सासऱ्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. आप्पांची एक मोटारसायकल होती, शंभर सीसीची, काळी, टाकीवर लाल पट्टा. नोकरीत असेपर्यंत आप्पांनी ती रोज रसायनीला नेली आणि सुट्टीच्या दिवशी आईंना, म्हणजे सासूबाईंना, मागे बसवून सगळे बाजार, सगळी लग्नं, सगळे नातेवाईक केले. आई मागे असल्या की आप्पा इतके हळू चालवायचे की सायकलवालेसुद्धा "आप्पा, येतो" म्हणून पुढे जायचे.

मग आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गाडी गोठ्यात प्लास्टिकखाली गेली. डॉक्टरांनी नंतर "आता चालवा बिनधास्त" असं सांगितलं तरी आप्पा काही तिला हात लावीनात. म्हणायचे, "बघू."

आणि इथे सुहासने मोबाईलवर व्हिडिओ बघितला!

कुठल्या तरी पोराने म्हणे जुन्या गाडीचा घरच्या घरी स्क्रॅम्बलर केला होता. स्क्रॅम्बलर म्हणजे काय, तर उंच हँडल, जाड खाचांचे टायर, वर वळवलेला सायलेन्सर आणि एका माणसापुरती सीट. डोंगरात चढणारी गाडी.

"डोंगरात आपल्याकडं बकऱ्या चढतात," आई म्हणाल्या.

सुहासने आप्पांना विचारलं. आप्पा म्हणाले, "पडूनच हाय. बघ काय होतंय तं." एवढीच परवानगी. पण सुहासचा बेत ठरला. गाडी नवी करायची आणि पहिली फेरी आप्पांनी मारायची. "अनू, एकदा का आप्पा गाडीवर बसले ना, की त्यांची भीती जाईल बघ." हे त्याने मला इतक्या मनापासून सांगितलं की मी पडवी द्यायला तयार झाले. तिथेच फसले.

*

पहिल्या रविवारी गाडी उघडली आणि दुपारपर्यंत पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. नट चहाच्या डब्यात, बोल्ट माझ्या जुन्या टिफिनमध्ये, चेन रॉकेलच्या टोपात. आईंचे तांदूळ वाळत घातले होते, त्यात स्प्रिंग सापडली. मी म्हटलं, "सुहास, हे परत जोडता येईल ना?" तर म्हणे, "मी सगळ्याचे फोटो काढलेत." फोटो बघितले. सगळ्या फोटोंत त्याचा अंगठा.

कार्बोरेटर साफ करायचा एक घरगुती उपाय त्याला व्हिडिओत सापडला होता. लिंबाच्या पाण्यात उकळायचा. आमच्या परसातल्या झाडाची टोपलीभर लिंबं त्याने चिरली, माझं मोठं पातेलं घेतलं, कार्बोरेटर तळाला, वर लिंबं, आणि गॅस मंद करून हा टायर बघायला कर्जतला गेला. मी शिफ्टला.

आई शेतावरून आल्या. गॅसवर लिंबं शिजतायत म्हणजे सुनेने लोणचं घातलंय, असं त्यांना वाटलं. वाटणारच! चमचाभर पाक चाखला असता तर काय झालं असतं, देव जाणे. पण त्या दिवशी त्यांचा उपास होता. त्यांनी अंदाजाने मूठभर मीठ घातलं, गुळाचा खडा टाकला, तिखट टाकलं आणि वर झाकण ठेवलं.

संध्याकाळी सुहासने चिमट्याने कार्बोरेटर बाहेर काढला तेव्हा त्याच्यातून तिखट-गुळाचा रस गळत होता. तो कपाळाला हात लावून बसला. "आई! हे काय केलंस?"

आईंनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आता केलंय तं वर्षभर मुरू दे. तवर माझी पडवी मोकळी कर."

पातेलं माझं गेलं ते गेलंच. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

*

आता दिग्या. दिग्या हा सुहासचा शाळेपासूनचा मित्र. चौकच्या रस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो गेट करतो. पंचक्रोशीत जेवढे नवे बंगले, फार्महाऊस, तेवढी त्याची गेटं. वर भाल्याची टोकं आणि मधोमध उगवता सूर्य, ही त्याची खूण. तुम्ही "साधं गेट कर" म्हणालात तरी सूर्य येतोच.

स्क्रॅम्बलरची सीट छोटी, म्हणून मागची फ्रेम कापून आखूड करायची होती. सुहासने टेंपोत घालून सांगाडा दिग्याकडे नेला, खडूने खूण केली आणि सांगितलं, "इथून काप आणि मागे एक गोल पाईप जोड. बस."

आठवड्याने सांगाडा आला. मागचं कापलेलं होतं, पाईप जोडलेला होता. आणि पाईपवर डावीकडे एक भाला, उजवीकडे एक भाला, मध्ये सूर्य!

दिग्या खूश. "डिझाईन फ्री दिलंय. मित्राकडनं काय घ्यायचं?"

"अरे, ही मोटारसायकल आहे!"

"म्हणून तर बारीक सूर्य दिला. वैनी, तुमीच सांगा, शोभतोय का नाय?"

मी काय सांगणार? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आई बाहेर आल्या, सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "गेट बरं झालंय. कडी कुठं लावायची?"

आप्पा मात्र हसले नाहीत. ते वाकून कापलेल्या जागेवर अंगठा फिरवत होते. "कापलीस?" एवढंच म्हणाले.

"हो आप्पा, आता बघा कशी आटोपशीर दिसेल."

आप्पांनी कोपऱ्यात पडलेली जुनी लांब सीट उचलली, काखोटीला मारली आणि परसातल्या फणसाखाली दोन दगडांवर नेऊन ठेवली. चांगलं बाकडं झालं. तेव्हापासून संध्याकाळचा चहा दोघं तिथेच घेतात. आप्पा पुढे, आई मागे. इतकी जागा असताना आई अजून एका बाजूला पाय सोडून आडव्याच बसतात! मी लॅबमध्ये हे सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्या खूप हसलो होतो.

साडीगार्डही निघालं होतं, म्हणजे साडी चाकात जाऊ नये म्हणून असते ती जाळी. ती आईंनी नेली आणि दुधीच्या वेलाला लावली.

*

नवरात्र आलं तरी गाडी सुट्या तुकड्यांतच. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळे, कोयता, पहार, कुदळ. आणि गाड्या. माझी स्कूटी धुऊन उभी केली, हार घातला, झालं. आता मोटारसायकलची पूजा कशी करायची? ती तर पडवीभर पसरलेली.

आई म्हणाल्या, "देवाला सगळं चालतं." आणि त्यांनी प्रत्येक तुकड्याला वेगळी पूजा केली! टाकीला हार, हँडलला हार, दोन चाकांना दोन हार. इंजिनाला हळदकुंकू. क्लचच्या प्लेटांना एकेक झेंडूचं फूल. नैवेद्याला वडे. बघायला शेजारपाजारचे आले. एका म्हाताऱ्या काकूंनी तर सायलेन्सरला नमस्कार केला.

सुहासने त्या दिवशी मुद्दाम रजा काढली होती. दिग्याकडून भाले कापून आणायचे होते. तो सांगाडा उचलायला गेला तशी आई ओरडल्या, "हात लावायचा नाय! पुजलेली हत्यारं उद्यापर्यंत हलवत नायत."

"आई, माझी रजा आहे."

"मग झोप."

दिग्याला फोन केला तर त्याचंही तेच. त्याने वेल्डिंगचं मशीन पुजून ठेवलेलं. "आज नाय रं. मशीनला हार घातलाय, जळंल." सगळा दिवस सुहास दारात बसून त्या फुलं घातलेल्या पसाऱ्याकडे बघत होता. भाले काढायचे राहिले ते राहिलेच. पुढे दर आठवड्याला दिग्याचं दुसऱ्या कुठल्या तरी गेटाचं काम अर्जंट निघायचं.

संध्याकाळी नारळ फोडायचा होता. घरच्या गाडीचा नारळ नेहमी आप्पा फोडतात. सुहासने हौसेने नारळ त्यांच्या हातात दिला आणि टाकीसमोर पाट मांडला. आप्पा नारळ घेऊन सरळ परसात गेले आणि फणसाखालच्या त्या सीटसमोर फोडला. आईंनी उरलेला हार सीटवर ठेवला.

"आप्पा, अहो, गाडी इकडे आहे!"

"तुझी तिकडं," आप्पा म्हणाले. "माझी हितं."

सुहास मला म्हणाला, "म्हातारा विनोदी होत चाललाय." मी पण तसंच समजले.

*

शेवटी गाडी जुळली. नाही म्हणायचं कारण नाही, दिसायला झोकदार. रस्त्याने जाताना पोरं मोबाईल काढायची. फक्त मागचा लांब मडगार्ड काढून तिथे हाताच्या पंजाएवढा पत्रा लावला होता. "लुक महत्त्वाचा," असं सुहास म्हणाला.

शेलूला माझ्या मावसबहिणीची हळद होती. मी बाकीच्यांबरोबर पुढे गाडीतून गेले. सुहास स्क्रॅम्बलरवर येणार. पांढरा कुर्ता, पांढरा पायजमा, केस बिस सेट केलेले. आता शेलूला जिकडेतिकडे नव्या बिल्डिंगची कामं चाललेली, रस्त्यावर धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारतात. त्या चिखलातून आमचे स्क्रॅम्बलरवाले दिमाखात आले.

समोरून नवरदेवापेक्षा देखणा. मंडपात शिरला, सगळ्यांना नमस्कार करत पुढे गेला आणि पाठ वळली तशा मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कमरेपासून मानेपर्यंत मधोमध चिखलाचा एक सरळ पट्टा! वर केसांतही थोडा.

मी त्याला खांबाला टेकवून उभा केला. "जेवण होईपर्यंत हलायचं नाही." पण मावशीला फॅमिली फोटो पाहिजे होता. फोटोग्राफरने आम्हाला ओळीत उभं केलं, एक नजर टाकली आणि असिस्टंटला म्हणाला, "भाऊजींना फक्त समोरून घे रे. साईडने पण नको."

दुसऱ्या दिवशी जुना मडगार्ड शोधायला लागला. तो कोंबड्यांच्या खुराड्यावर पागोळीला लावलेला होता. आप्पांनी काढून दिला.

*

खालापूरला तहसील कचेरीत सुहासचं काही काम होतं. बाहेर गाडी लावून आत गेला. परत येतो तर गाडीला गराडा. मध्ये एक गृहस्थ टाकी धरून उभे, आप्पांबरोबर कंपनीत होते ते. आमच्या टाकीच्या उजव्या बाजूला एक पोचा आहे. पूर्वी कधीतरी आप्पा एका म्हशीला चुकवायला गेले आणि दुसरीवर आदळले, तेव्हाचा. सुहासने टाकीला रंग दिला होता, पण पोचा ठेवला होता. "कॅरेक्टर" म्हणे!

"ही टाकी तुला कुठनं मिळाली?" त्यांनी सुहासची कॉलर धरली. सुहास कॉलेजपासून बाहेर शिकायला, त्यामुळे त्यांनी त्याला ओळखलं नाही. वर हेल्मेट.

"माझ्या वडिलांची आहे."

"कोण तुझे वडील? ही आप्पांची टाकी हाय! ह्या म्हशीला मी साक्षीदार हाय!"

लोक जमले. कुणीतरी म्हणालं, आजकाल असंच करतात, चोरलेली गाडी खोलून सुटी सुटी विकतात. कुणीतरी भाल्यांकडे बोट दाखवून म्हणालं, आणि हे गेट कुणाचं चोरलंय? सुहास हेल्मेट काढू का पाकीट काढू, अशा गडबडीत. एवढ्यात त्या गृहस्थांनी फोन लावलासुद्धा, स्पीकरवर.

"आप्पा, ऐका. तुमच्या गाडीची टाकी सापडली!"

पलीकडून आप्पांचा आवाज आला. "बरं झालं. तिथंच बघ, बाकीची पण सापडते का."

आणि फोन ठेवला!

सुहासची सुटका आधार कार्डाने झाली. घरी येऊन तो जेवला नाही.

*

आता मात्र तो इरेला पेटला. आप्पांनी गाडीवर बसायचंच. रोज संध्याकाळी गाडी पुसून फणसाजवळ उभी करायची आणि म्हणायचं, "आप्पा, एक फेरी."

आप्पांची कारणं ऐका. "आज अमावास्या हाय." अमावास्या संपली तर, "गुडघा कुरकुरतोय." गुडघा थांबला तर, "चहा व्हायचाय." चहा झाला तर, "आता काय, चहा झाला."

सुहासला वाटलं, आवाज नको असेल. आवाज असा होता की गल्लीच्या तोंडाशी गाडी आली तरी माझा कुकरची शिट्टी मोजण्यात गोंधळ व्हायचा. त्याने जुना सायलेन्सर परत लावला. आप्पा म्हणाले, "बरं केलंस." बसले नाहीत.

मग वाटलं, हँडल उंच आहे. जुनं हँडल लावलं. आप्पा म्हणाले, "आता बरं दिसतंय." बसले नाहीत.

मग खाचांचे टायर गेले, साधे आले. त्या टायरांसाठी कर्जतला किती खेपा झाल्या होत्या, मला विचारा! आप्पा टायर दाबून बघून म्हणाले, "चांगलं हायत." आणि जाऊन आपल्या त्या सीटवर बसले.

मी वैतागले. एका घरात दोन पुरुष, एक बोलत नाही आणि एकाला कळत नाही. मी म्हटलं, "सुहास, वर्षभर राबून तू स्क्रॅम्बलरची परत आप्पांची गाडी केलीस. राहिलंय काय आता बदलायचं?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "फक्त दिग्याचा सूर्य राहिलाय." त्याचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. "अनू, मी ती त्यांच्यासाठी केली गं. त्यांनी एकदा तरी बसायला नको का?"

आई आत भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. तव्यावरची भाकरी उलटली आणि आपल्याशीच बोलल्यागत म्हणाल्या, "मला कुनी विचारलंय का?"

"काय आई?"

"काय नाय. ताट घे."

*

हा किस्सा परवाच्या रविवारचा.

आईंचं माहेर नदीपलीकडे, पुलावरून गेलं की पहिलंच गाव. त्यांच्या भावाकडे पूजा होती. गाडी बंद झाल्यापासून आई तिकडे टमटमने जातात आणि आप्पा जातच नाहीत. त्या दिवशी सुहास म्हणाला, "मी रिक्षा सांगतो, दोघं जा."

आप्पा आरशासमोर टोपी घालत होते. टोपी काढून खुंटीला लावली. "रिक्षा नको. चावी दे."

सुहासला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. मग तो असा धावला की उंबऱ्याला ठेचकाळला. आप्पांनी माळ्यावरून आपलं जुनं हेल्मेट काढलं, फडक्याने पुसलं, घातलं. गाडीजवळ गेले. टाकीवरच्या त्या पोच्यावर हात ठेवला. पाय टाकून बसले. किक मारली. एका किकमध्ये चालू! सुहासने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी वाढवायची वेळ आली असती.

आप्पांनी अंगणात एक फेरी मारली. मग गाडी स्वयंपाकघराच्या दारासमोर आणून उभी केली आणि दोनदा हॉर्न दिला. पूर्वी निघताना द्यायचे, तसा.

आई बाहेर आल्या. ठेवणीतली हिरवी साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात पिशवी. गाडीवर मागे बसायला निघतात तशाच तयार होऊन आल्या होत्या. सवयीने गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, आप्पांच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि थांबल्या.

आप्पांच्या मागे वीतभर सीट. मग दोन भाले. मध्ये सूर्य.

माझी स्वतःची स्कूटी आहे, मला कधी त्या गाडीवर बसायची वेळ आली नाही, म्हणून हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुहासकडे बघितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक.

"आई..." तो म्हणाला.

आईंनी पिशवी शांतपणे डाव्या भाल्याला अडकवली. ओढून बघितली, पक्की बसली. "दिग्यानं कामाचं केलंय," म्हणाल्या. मग आप्पांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. "चला. पन हळू."

आप्पांनी पहिला गिअर टाकला. गाडी निघाली आणि मागोमाग आई निघाल्या, चालत. फाटकातून बाहेर, गल्लीने, पुढे गाडी, मागे आई. आप्पा अधूनमधून पाय टेकवत होते, दर दहा पावलांना आरशात बघत होते. सुहास आणि मी अनवाणी फाटकाशी येऊन उभे राहिलो.

देवळाच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. त्यातल्या एकाने हाक मारली. "काय आप्पा, पळंना का गाडी?"

"पळतेय की," आप्पा म्हणाले. "ही मागं बसलीय ना, म्हनून हळू घेतोय."